काडेपेटीएवढा बाप

मी पाट्या रंगवणारा पेंटर. म्हणजे होतो. फ्लेक्स आले आणि आमचा धंदा आडवा झाला, हे रडगाणं सगळ्यांनी ऐकलेलं आहे, ते मी पुन्हा गात नाही. आता मी शाळांच्या भिंती रंगवतो. अ अननसाचा, आ आईचा, शरीराचे अवयव, भारताचा नकाशा. पाली, गेवराई, माजलगाव, जिथून बोलावणं येईल तिथं बीडहून मोटारसायकलला डबे बांधून जातो. माझं अक्षर हातभर असतं आणि माझं सगळं काम उन्हात. दिवेलागण झाली की ब्रश धुऊन ठेवायचा, हा माझा तीस वर्षांचा नियम. त्यामुळे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका टेबल लॅम्पसाठी मी वेड्यासारखा दुकानंच्या दुकानं पालथी घालीन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

मायचा एक डोळा कधीच गेला होता आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या डोळ्याचं आम्हाला कळलं ते ती स्वतःच्याच घराच्या उंबऱ्याला दोनदा अडखळली तेव्हा. काचबिंदू. संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला हाताची मूठ पोकळ करून डोळ्याला लावायला सांगितली. म्हणाल्या, "आत्ता तुम्हाला जेवढं दिसतंय ना, तेवढंच आईंना दिसतं. ही मूठ आता आवळत जाणार." मी विचारलं, किती दिवस. त्या म्हणाल्या, थेंब नेमाने घाला, गेलेलं परत येत नाही, उरलेलं किती टिकेल ते सांगता येणार नाही. परतीच्या एसटीत माय खिडकीशी बसली होती आणि मी तिच्या शेजारी बसून मूठ पोकळ करून बाहेर बघत होतो. मुठीत एका वेळी एकच बाभळ मावत होती.

त्यानंतर आठवड्याभरानं मायनं तिची पत्र्याची पेटी उघडायला लावली आणि वडिलांचा पास काढला.

मी सव्वा वर्षाचा असताना वडील तापानं गेले. ते माजलगावच्या धरणाच्या कामावर होते, तिथं त्यांना हा पास मिळाला होता. त्यावरचा टपालाच्या तिकिटाएवढा काळा-पांढरा फोटो, एवढेच ते जगात उरले आहेत. त्या फोटोवर कुणा साहेबानं गोल शिक्का मारलाय आणि शिक्क्याची जांभळी कड वडिलांच्या पटक्यावरून आणि एका भुवईवरून गेलीय. नाकडोळे कळतात. रंग कळत नाही. वडील काळे होते का गोरे, पटका कसल्या रंगाचा होता, हे फक्त मायला माहीत होतं. मी गावातल्या निम्म्या पुढाऱ्यांचे गाल रंगवलेत, कुणाच्या गालात किती गेरू आणि किती पिवळा लागतो ते मला तोंडपाठ आहे. माझ्या बापाचा गाल कोणत्या रंगाचा, ते मला माहीत नव्हतं.

माय म्हणाली, "समद्या पुढाऱ्यायची तोंडं रंगवलीस. वाढदिवस आला की चौकात दहा-दहा फुटी. आता एक डाव त्यान्ला रंगव. मी सांगते तसा रंग लाव. मी बरोबर म्हनलं की झालं. मग डोळे गेले तरी जाऊ दे."

"हे आधी कावून न्हाई सांगितलं?" मी म्हणालो.

"आधी मला दिसत व्हते त्ये, डोळे मिटले तरी," ती म्हणाली. "आता डोळे मिटले तरी धुरकट दिसतेत."

मी सवयीनं दोन फुटांचा बोर्ड घेतला. तीन दिवसांत कोळशानं चेहरा उभा केला आणि तिच्यापुढं धरला. तिनं मान हलवत हलवत बोर्ड चाचपल्यासारखा बघितला. "कान हाय. मिशी हाय. नाक कुठं गेलं? आता नाक हाय तर मिशी गेली." तिला अख्खा माणूस एकदम दिसतच नव्हता. माझा चेहराही दिसत नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. ती माझ्याकडं बघून बोलायची तेव्हा माझा एक डोळा किंवा नुसतं तोंड बघत असायची. मी घरातल्या वस्तू एकेक करून तिच्यासमोर धरत गेलो. ताटली मावली नाही. पेला अर्धा मावला. काडेपेटी मावली, चारही कडांसकट, वरच्या चित्रासकट. म्हणजे बाप काडेपेटीएवढा करायचा होता.

लहान चित्रं काढणारे लोक असतात, त्यांचा हात वेगळा, बैठक वेगळी. मी अॅल्युमिनियमच्या नंबरप्लेटचा उरलेला तुकडा काडेपेटीच्या मापाचा कापला, त्याला पांढरं अस्तर मारलं, चाळिशीचा चष्मा पुसला आणि बारीकात बारीक ब्रश घेऊन त्याचेही केस उपटून तीनच ठेवले. रविवारी उंबऱ्यावर उन्हात बसून सुरुवात केली. पत्रा उन्हात डोळे दिपवायला लागला. गल्लीतून एक रिक्षा गेली आणि ओल्या रंगात धूळ बसली. काडेपेटीएवढ्या चेहऱ्यावर धुळीचा एक कण म्हणजे देवीचा वण. आमच्या गल्लीत ऊन येतं ते दहाला आणि एकच्या आत समोरच्या भिंतीवर चढून जातं. बाकीचे सहा दिवस मी उन्हातच असतो, पण कुणाच्या तरी शाळेच्या भिंतीपुढं. काम सोडून घरी बसलो तर चूल पेटायची नाही. त्यामुळं जे काय करायचं ते संध्याकाळी घरी आल्यावर, मधल्या खोलीत. मधल्या खोलीला खिडकी नाही. तिथं भरदुपारीसुद्धा कपाटातलं धुंडाळायचं तर हातानंच.

रंग ठरवायला मायनं दोन दिवस घेतले. चेहरा म्हणे बाजरीच्या भाकरीचा, चुलीवरून नुकती उतरवलेली, आतून ऊब असलेली. पटक्याचं मात्र तिला नावच सापडेना. मी म्हणालो आमसुली, तर म्हणाली न्हाई, त्यात लाल जास्त. वांगी म्हणालो तर म्हणाली, लई काळा होतो. शेवटी म्हणाली, "लुगड्यावर जांभळाचा डाग पडला आन दोन डाव धुतला की मागं ऱ्हातो बघ, तसा." असा रंग मी तीस वर्षांत कधी कालवलेला नव्हता, पण डोळ्यापुढं लगेच आला.

पहिला दिवा घरातलाच होता. मुलगी कॉलेजला बाहेरगावी गेली तेव्हा तिचा अभ्यासाचा लॅम्प मागं राहिला होता. बुटका, मान आखडलेला, पिवळसर उजेडाचा. त्या उजेडात खोली छान दिसायची, बायको म्हणाली देवघरासारखं वाटतंय. वीस-बावीस संध्याकाळी मी मान मोडून बसलो. उजेड पिवळा असल्यामुळं पांढरं अस्तरही पिवळं दिसायचं, म्हणून मी कालवताना पिवळा हात आखडून घातला असणार आणि निळा मोकळा सोडला असणार. हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मला चेहरा झकास वाटत होता. बाजरीच्या भाकरीहून भाकरी.

रविवारी सकाळी मायनं पत्रा हातात घेतला आणि नेहमीसारखी म्हणाली, "उंबऱ्यावर चल." ही तिची आयुष्यभराची सवय. लुगडं घ्यायचं तर दुकानाच्या पायरीवर नेऊन उजेडात बघायचं, डाळ घ्यायची तर मूठभर दारात नेऊन बघायची. ती उंबऱ्यावर बसली, पत्रा उन्हात धरला, डोळ्यापासून वीतभर लांब. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. चेहरा राखेसारखा झाला होता. ओठांवर निळी झाक.

मायनं पत्रा जवळ नेला, लांब नेला. मग म्हणाली, "ह्ये तर गेल्यावरचे हायेत. असं मी त्यान्ला एकदाच बघितलंय."

मी पत्रा तिच्या हातातून घेतला, आत गेलो, चिंधीवर टर्पेंटाईन ओतलं आणि सगळं पुसून टाकलं. त्याचा वास दोन दिवस घरात होता.

मग मी पेटलो. बाजारात जाऊन सगळ्यात पांढरा दिवा मागितला. दुकानातल्या पोरसवदा माणसानं एक लॅम्प लावून दाखवला आणि म्हणाला, "एकदम दुधावानी उजेड हाय सर. सुई पडली तरी सापडंल." सुई सापडली असती, यात शंका नाही. तो उजेड इतका पांढरा होता की निळाच होता, आणि मी पाट्यावाला, मला जास्त उजेड म्हणजे चांगला उजेड एवढंच ठाऊक. वर त्या दिव्याचे बारके बारके तीस डोळे उघडे, त्यांचे ठिपके ओल्या रंगात चमकायचे. ब्रशच्या केसाला तीन सावल्या. उजव्या हाताला ठेवला म्हणून माझ्याच हाताची सावली बापाच्या तोंडावर पडायची. दिवा डाव्या बाजूला ठेवायचा असतो, हे मला आठव्या दिवशी सुचलं. भिंत रंगवणाऱ्याला हे सुचावं कसं, सूर्य काय आपण उचलून ठेवतो का.

निळ्या उजेडात मी पिवळा आणि लाल घालत राहिलो. पुन्हा रविवार, पुन्हा उंबरा. माय म्हणाली, "अरं, कावीळ झाली का त्यान्ला?" तिला स्वतःलाच हसू आलं आणि तिच्यामुळं मलाही. हसता हसता मी पत्रा बघत होतो. हळद लावलेला माणूस आणि डोक्यावर विटकरी फडकं. पटका तर साफच गेला होता. मी पुसायला आत गेलो तेव्हा मागून ती म्हणाली, "लगेच कावून पुसतोस? दोन दिस ऱ्हाऊ दे की." मी ऐकलं नाही. चुकलेली पाटी मला डोळ्यापुढं सहन होत नाही, गिऱ्हाईक येण्याआधी पुसायची, हाच धंद्याचा शिरस्ता.

दिवाळी झाली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूठ अजून आवळलीय. मी घरी येऊन काडेपेटी धरली. अजून मावत होती, पण मायला ती आता थोडी लांब धरावी लागत होती. त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं हे मी कबूल करतो. शाळेच्या भिंतीवर मी ग गणपतीचा काढून खाली घर काढलं. मुख्याध्यापक चांगले, हसून सोडून दिलं. मी मोबाईलवर बघत बसायचो, चित्रासाठी कसला दिवा घ्यावा. तिथं सगळं होतं. उजेडाचं तापमान इतकं पाहिजे, रंग खरे दाखवण्याचा आकडा शंभराच्या जवळ पाहिजे. आमच्या बाजारातल्या खोक्यांवर आकडे नव्हते, असले तरी दुकानदार म्हणायचा, "ते लिहायचं असतंय सर."

म्हणून तिसरा दिवा घरपोच मागवला. गोल, मानेला लवचिक दांडी, वर तीन उजेडांचं बटण. पिवळा, पांढरा, मधला. मधला म्हणजे दिवसाचा उजेड असं खोक्यावर छापलेलं. पण बटणाला नुसता हात लागला तरी उजेड बदलायचा, आणि आमच्या गल्लीत संध्याकाळी व्होल्टेज पडलं की दिवा विझून पुन्हा पहिल्यापासून पिवळ्यावर यायचा. अर्धा गाल एका उजेडात, अर्धा दुसऱ्यात. एकदा तर पटका पूर्ण झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तो मी कोणत्या उजेडात रंगवला ते मला आठवतच नाही. मी त्या दिवशी दिवा भिंतीवर फेकणार होतो. बायकोनं हात धरला. म्हणाली, "अहो, दिव्यानं काय केलं?" मी तिच्यावर ओरडलो, नको ते बोललो. ती शांतपणे मायला थेंब घालायला गेली.

त्या खेपेला माय उंबऱ्यावर बसली, पत्रा उन्हात धरला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "रंग न्हाई जमला." मी विचारलं, कुठला, तोंडाचा का पटक्याचा. म्हणाली, "पटक्याचा." एवढंच. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी पुसायला आत गेलो.

मॅचिंग सेंटरमध्ये मी गेलो तो बायकोचा राग काढायला. तिला भाच्याच्या लग्नासाठी साडीवर ब्लाउजपीस घ्यायचा होता. बायका आत गेल्या की नवरे लोक बाहेर बाकड्यावर बसतात, तसा मी बसलो. दुकानाचे मालक सत्तरीचे, गळ्यात टेप. बायकोनं साडी काढली, त्यांनी फळीवरचे पाचपन्नास तागे डोळ्यांखालून घातले, दोन तुकडे ओढले, साडीवर ठेवले आणि म्हणाले, "हा." बायको सवयीनं साडी घेऊन पायरीवर आली. मी बघितलं. आत जसा दिसत होता तसाच रंग बाहेर होता. ती दुसरा तुकडा घेऊन आली. तोही तसाच.

मी उठून आत गेलो. काउंटरवर फळीला एक साधा दिवा अडकवला होता. मी विचारलं, "काका, हा दिवा कसला?"

"काय माहीत कसला," ते म्हणाले. "आठ दिवे बदलले तेव्हा हा घावला. आता ही कंपनी बंद झाली."

"पण घेताना ओळखलात कसा? खोक्यावर काय लिहिलं होतं?"

"खोक्यावर इंग्रजी असतंय बाबा, मी कशाला वाचू? मी चिंध्या नेल्या." त्यांनी गल्ल्याखालून सेफ्टी पिनेत ओवलेला चिंध्यांचा झुपका काढला. आमसुली, कॉफी, वांगी, गर्द निळी, काळी, मोतिया, बदामी. "खराब दिव्याखाली ही आमसुली आन ही कॉफी एक होऊन जाते. निळी आन काळी एक होते. दिव्याखाली धरायची आन पायरीवर जायचं. जितके रंग पायरीवर, तितकेच दिव्याखाली पाहिजेत. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्यायचं. तुमचं काम काय हाय पण?"

मी सांगितलं. बापाचं, मायचं, तीन वेळा पुसल्याचं.  त्यांनी कात्रीनं प्रत्येक चिंधीचा अर्धा तुकडा कापला, नवी पीन लावली आणि तो झुपका माझ्या खिशात घातला. बायको म्हणाली, मी लग्नापासून मायला घेऊन इथं येते आहे आणि तुम्ही बाकड्यावर बसून दिव्याला रडत होता.  माय इथलीच गिऱ्हाईक होती.

मग मी चिंध्या घेऊन फिरलो. बीडमधली सगळी दुकानं केली. प्रत्येक ठिकाणी दिवा लावायला सांगायचा, चिंध्या पसरायच्या, पायरीवर जायचं, परत यायचं. एका दुकानदारानं विचारलं, "साहेब, शिवणकाम करता का?" दुसरा म्हणाला, "घ्यायचा न्हाई तर कावून लावायला लावता?" गेवराईला शाळेचं काम होतं, तिथलीही दुकानं केली. सगळीकडं आमसुली आणि कॉफी एक होत होत्या. मला रात्री झोप येईना, कारण दिवस जात होते आणि मी दिव्याशिवाय ब्रशला हात लावत नव्हतो. आणखी एकदा चुकलं तर पुन्हा पुसायला वेळ उरणार नाही, या भीतीनं माझे हात आधीच बांधून टाकले होते. या सगळ्या दिवसांत मी संध्याकाळी घरी आल्यावर पहिल्यांदा मोबाईलवरचे दिवे बघायचो आणि मग जेवायचो. मायशी बोलायचो ते दिव्याबद्दलच. ती भिंतीला हात लावत मोरीकडं जायला लागली होती. मी ते बघत होतो आणि मला ते दिसत नव्हतं.

दिवा सापडला माजलगावात. शाळेचं काम संपवून मोबाईलची काच बदलायला एका दुरुस्तीच्या टपरीत गेलो, तर तो माणूस टेबलाच्या कडेला शिकंज्यानं आवळलेल्या दिव्याखाली काम करत होता. दोन लांब दांड्यांचा दिवा, हवा तिकडं वळणारा, रुंद डोकं, वर दुधी काच. उजेड डोळ्यात जात नव्हता, कामावर पडत होता. मी न विचारता चिंध्या काढल्या आणि त्याच्या टेबलावर पसरल्या. सातच्या सात. आमसुली आमसुली होती, कॉफी कॉफी. रस्त्यावर जाऊन आलो. दोनदा जाऊन आलो.

"काय करायला बे?" तो म्हणाला.

"हा दिवा मला पाहिजे."

"विकायचा न्हाई. माझ्या कामाचा हाय. सहा महिने धुंडाळून आणलाय."

मी हात जोडले. मी आजवर बिलासाठी पुढाऱ्यांच्या दारात तासन्‌तास उभा राहिलोय, पण हात जोडले नव्हते. म्हणालो, माझ्या मायला अजून काडेपेटीएवढं दिसतं, ते किती दिवस दिसेल माहीत नाही, मला तेवढे दिवस दे, मग आणून देतो.  त्यानं शिकंज्याचा स्क्रू सैल केला, वायर गुंडाळली आणि दिवा माझ्या हातात दिला. काच बदलायची राहूनच गेली. माजलगाव ते बीड मी तो शालीत गुंडाळून पोटाशी धरून आणला, एका हातानं गाडी चालवत.

त्यानंतरच्या बारा संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळी होत्या, हे सांगायला मला जड जातंय. दिवा डाव्या बाजूला, खांद्याच्या वर, थोडा पुढं झुकवलेला. सावली हाताखालून मागं जायची. पटक्याचा रंग कालवला तेव्हा मी चिंधी शेजारी ठेवली, आमसुलीत थोडा निळा, मग दोनदा धुतल्यासारखा थोडा राखी. जांभळाचा डाग मला पत्र्यावर उमटताना दिसला. सकाळी उठून मी पत्रा एकटाच उंबऱ्यावर नेऊन बघायचो आणि तो रंग तिथंही तोच असायचा. गालातली ऊब आली. भुवई शिक्क्याखालून मोकळी झाली. बायको मागं उभी राहून म्हणाली, "अहो, तुमच्यासारखे नाहीत हो ते. तुमच्या लेकीसारखे आहेत." आपल्यालाही बाप होता, असं मला पहिल्यांदा वाटलं.

तेराव्या दिवशी मी कामाला गेलो नाही. संक्रांत जवळ आली होती, थंडी होती म्हणून बाहेरचं दार लोटलेलं. माय मधल्या खोलीत कॉटवर गोधडी घेऊन बसली होती. मी टेबलावरचा दिवा काढला आणि कॉटच्या लोखंडी दांडीला आवळला, म्हणजे तिला उठावं लागू नये. पत्रा तिच्या हातात दिला. म्हणालो, "घे माय, झालं. थांब, दिवा लावतो." आणि प्लग घेऊन कॉटखाली वाकलो. अंधारात बोर्डाची भोकं दिसेनात, मी बोटांनी चाचपत होतो.

वरून माय म्हणाली, "हां. ह्येच त्ये."

मी गुडघ्यावर होतो तिथंच राहिलो.

"पटका बरोबर जमलाय," ती म्हणाली. "जांभळाचा डाग. तोंड बी बाजरीचंच हाय. लई झाक केलंस."

प्लग माझ्या हातात होता. मी उभा राहिलो. त्या अंधारात मला तिच्या हातातला पत्रा हा नुसता एक फिकट तुकडा दिसत होता. माझे डोळे चांगले आहेत.

"उंबऱ्यावर चलायचं का?" मी विचारलं. 

"नको. हितंच चांगलं दिसतंय. तुझा दिवा चांगला हाय."

मी पुन्हा वाकलो, भोकं सापडली, प्लग बसवला आणि बटण दाबलं. उजेड तिच्या तोंडावर, हातावर, पत्र्यावर पडला. तिची पापणी हलली नाही. ती हसत होती तशीच, पत्र्याकडं मान करून, जरा बाजूला.

"कवापासून, माय?" मी विचारलं.

तिचं हसू हळूहळू उतरलं. तिनं पत्रा गोधडीवर ठेवला आणि वरून तळहात ठेवला, रंगाला लागणार नाही असा, कडांवर. तिसऱ्या खेपेला उंबऱ्यावर तिनं अंगठा असाच कडेवरून फिरवला होता, ते मला तेव्हा आठवलं. तेव्हाही बहुतेक तिला दिसत नव्हतं. मी विचारलं असतं तर कळलं असतं. मी दिवा बघत होतो.

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता टर्पेंटाईनची बाटली काढू नको बाबा. मला वास येतो. एकदा देवानं नेलं त्यान्ला, तीनदा तू पुसलं. आता ऱ्हाऊ दे त्यान्ला."

मी म्हणालो, नाही काढत. ती म्हणाली, चहा टाकायला सांग. मी बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि पत्रा घेऊन दारात आलो. दार उघडलं, ऊन नुकतंच उंबऱ्यावर आलं होतं. मी पत्रा उन्हात धरला. आत होता तोच रंग बाहेर होता, एका छटेचाही फरक नाही. दिवा खरोखरच चांगला निघाला. पण हा रंग माझ्या बापाचा आहे का, हे विचारायला मी आत वळलो, आणि उंबऱ्यावरच थांबलो.